प्रार्थना: मुंबईतल्या ख्रिस्ती घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भायखळ्याच्या एका चाळीत वाढले आणि लग्नानंतर कल्याणला गेले. परळच्या एका रुग्णालयात नर्स आहे आणि रविवारी मंडळीच्या शब्बाथशाळेत मुलांना शिकवते. मी पाळक नाही. पुढचे प्रश्न मला लोकांनी जिन्यात, लोकलमध्ये, वॉर्डाबाहेरच्या बाकावर विचारलेले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्न माझेही आहेत.

प्रार्थना म्हणजे नेमकं काय?

देवाशी बोलणं, आणि बोलून झालं की त्याच्यापाशी बसून राहणं. स्तुती, पापांगीकार, उपकारस्तुती, विनंती, मध्यस्थी असे तिचे भाग आपण शब्बाथशाळेत शिकतो. शिकवायला ते सोयीचे आहेत, पण सुरुवात तिथून होत नाही. 'आम्हाला चमत्कार करायला शिकवा' असं शिष्य येशूला म्हणाल्याचं शुभवर्तमानात कुठे दिसत नाही. 'आम्हाला प्रार्थना करायला शिकवा' असं मात्र ते म्हणाले (लूक 11:1). त्यांनी त्याला प्रार्थना करताना पाहिलं होतं. कफर्णहूमात एका संध्याकाळी सगळं गाव आजाऱ्यांना घेऊन त्याच्या दाराशी लोटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, तो उठून एकांतात गेला (मार्क 1:35). दिवसभर माणसांनी वेढलेला हा माणूस पहाटे कोणाकडे जातो, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

देवाला सगळं आधीच ठाऊक आहे. मग सांगायचं कशाला?

हे वाक्य येशूनेच उच्चारलं आहे. तुम्ही मागण्याआधीच तुमच्या पित्याला तुमची गरज ठाऊक आहे, असं तो मत्तय 6:8 मध्ये म्हणतो आणि लगेच पुढच्या ओळीत 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रभूची प्रार्थना शिकवायला घेतो. म्हणजे देवाला माहिती पुरवणं हा प्रार्थनेचा हेतू कधीच नव्हता. मुलगी शाळेतून रडत आली की काय झालं असेल हे आईला तिच्या चेहऱ्यावरून कळतं. तरी ती मुलीला जवळ घेते आणि तिच्या तोंडून ऐकते. त्या सांगण्यात मुलगी जवळ येते.

आमच्या घरात एकच खोली आहे. 'खोलीत जा, दार लाव' हे पाळायचं कसं?

मुंबईत हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, कोपऱ्यात मोरी आणि सहा माणसं. दार लावलं तर शेजारीण विचारते, 'काय गं, भांडण झालं का?'

आधी मूळ शब्द पाहू. मत्तय 6:6 मध्ये ज्या खोलीचा उल्लेख आहे, तिच्यासाठी ग्रीक मजकुरात 'टामेइऑन' असा शब्द आहे. त्याचा अर्थ घराच्या आतली, धान्य आणि चीजवस्तू ठेवायची कोठी. आणि येशूचं बोलणं ऐकणारे लोक काही बंगल्यांत राहणारे नव्हते. गालीलातल्या साध्या माणसाचं घर एकदोन खोल्यांचं असे. येशूने सांगितलेली मध्यरात्रीच्या मित्राची गोष्ट आठवा. तीन भाकरी मागायला आलेल्याला घरधनी आतून म्हणतो, दार लावलंय, मुलं माझ्याजवळ निजली आहेत, मला उठता येत नाही (लूक 11:7). उठला तर सगळं घर जागं होणार! हे घर चाळकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

आमच्या चाळीत पहाटे चारला पाणी यायचं. आई पिंप आणि कळशा भरून झाल्या की मोरीशेजारच्या भिंतीकडे तोंड करून बसायची. राजा हिज्कीयाही असाच भिंतीकडे तोंड फिरवून रडत प्रार्थना करतो (यशया 38), हे मी फार पुढे वाचलं. तेवढी पंधरा मिनिटं तिला कोणी हाक मारायची नाही, हे आम्हा चार भावंडांना ठाऊक होतं. कुणी उठलं तर पावलं न वाजवता बाहेर गॅलरीत जायचं. स्टोव्ह पेटवायचा नाही. बाबा रात्रपाळीहून आले तर जिन्यातच चपला हातात घ्यायचे. आज मला वाटतं, तिचं दार आम्ही सगळ्यांनी मिळून लावत होतो. तुमच्या घरात खोली नसेल तर वेळ ठरवा आणि ती घरच्यांना सांगा. एक जण प्रार्थनेला बसलेला असताना बाकीच्यांनी टीव्हीचा आवाज बंद करणं हीसुद्धा त्या प्रार्थनेतली सोबत आहे.

वेळच मिळत नाही. लोकलमध्ये केलेली प्रार्थना चालते का?

चालते. पारसाच्या राजाने प्रश्न विचारला आणि उत्तर द्यायच्या आत, उभ्याउभ्या, त्याच्या पदरी असलेल्या नहेम्याने स्वर्गातल्या देवाची प्रार्थना केली (नहेम्या 2:4). तिला किती वेळ लागला असेल? श्वासभर. पाण्यात बुडणारा येशूचा शिष्य पेत्र तर 'प्रभूजी, मला वाचवा' एवढंच ओरडला (मत्तय 14:30). ऐकलं गेलं.

माझी पद्धत सांगते. कल्याणहून दादरपर्यंत मी माणसं स्टेशनांना वाटून दिली होती. डोंबिवलीला बहीण आणि तिची मुलं. ठाण्याला त्या आठवड्यात वॉर्डात असलेले पेशंट, बेडच्या नंबरांनी. घाटकोपरला शब्बाथशाळेतली मुलं. कुर्ल्याला जिच्याशी माझं पटत नव्हतं ती सहकारी. कुर्ला मी पुष्कळदा चुकवायचे, मग शीवला आठवण यायची. त्या काळी फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यातून जायची. आत काळोख आणि इतका आवाज की शेजारणीचं बोलणंही ऐकू येत नसे. जे कोणालाच सांगता येत नव्हतं ते मी बोगद्यात बोलायचे.

पण फक्त लोकलमधल्या प्रार्थनेवर भागवू नका. नवराबायको दिवसभर येताजाता बोलतात, तरी कधीतरी समोरासमोर बसून बोलावं लागतंच.

देवाला 'तू' म्हणायचं की 'तुम्ही'? आणि प्रार्थना मराठीतच करावी का?

आमच्या पिढीत आईला 'अगं' आणि 'तू' होतं, बाबांना 'अहो' आणि 'तुम्ही'. बाबांचा धाक होता, त्यांच्याशी बोलायला आई मध्ये लागायची. आणि तीच आम्ही मुलं रात्री हात जोडून म्हणायचो, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो.' तुझे! ज्या घरात बापाला 'तुम्ही' म्हणतात त्या घरात देव मात्र 'तू' होतो, आईसारखा. मराठी ख्रिस्ती माणसाला ही देणगी भाषेनेच दिली आहे. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू देवाला 'अब्बा' अशी हाक मारतो (मार्क 14:36). हा घरातला अरामी शब्द आहे, आपल्या 'बा'च्या अगदी जवळचा. सवयीने तुमच्या तोंडी 'तुम्ही' येत असेल तर त्यातही आदरच आहे, मुद्दाम बदलू नका.

भाषेचं म्हणाल तर ज्या भाषेत तुम्ही रडता त्या भाषेत प्रार्थना करा. इंग्रजी शाळेतल्या मुलांना इंग्रजीत सुचत असेल तर त्यांना अडवू नका, पण मराठीही त्यांच्या कानावर पडू द्या. 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी आपल्या मंडळ्यांना भजनं दिली. तोवर परदेशी चालीवर ओढूनताणून गाणारी माणसं टाळ घेऊन गाऊ लागली. आजही आमच्याकडे संध्याकाळच्या प्रार्थनासभेत भजन सुरू झालं की म्हाताऱ्या बायकांचे डोळे आपोआप मिटतात.

पाठ केलेली प्रार्थना खरी असते का?

असते, मन त्यात असेल तर. वल्हांडण या यहुदी सणाच्या भोजनानंतर येशू आणि शिष्य स्तोत्र गाऊन बाहेर पडले, म्हणजे पाठ असलेलंच गायले. रिकामी बडबड करू नका, ही त्याची ताकीद पाठांतराला नाही, जास्त बोललं की देव ऐकतो या समजुतीला आहे. उत्स्फूर्त प्रार्थनाही पोकळ असू शकते. मंडळीत कोणी दहा मिनिटं मोठमोठ्या शब्दांत प्रार्थना करतो आणि ती देवाऐवजी पुढच्या बाकावरच्या माणसांना ऐकवलेली असते, हे आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे.

'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' हे पगारदार माणसानेही म्हणायचं का?

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात माझे बाबा होते. मी अकरा वर्षांची होते. पहिले दोन महिने आम्हाला काही जाणवलं नाही. पावसाळ्यात वाण्याने उधारी बंद केली. आईने आधी बांगड्या मोडल्या, मग पितळेची घागर गेली. रात्रीची कुटुंब प्रार्थना मात्र चालू होती, आणि एका रात्री आई प्रभूच्या प्रार्थनेतल्या 'आमची रोजची भाकर' इथे येऊन थांबली. पुढचे शब्द तिला निघेनात. बाबांनी ओळ पुरी केली. प्रार्थनेत बाबांचा आवाज मी पहिल्यांदा तेव्हा ऐकला.

तोपर्यंत ती ओळ मी पाढ्यासारखी म्हणत होते. त्या रात्री मला 'आमची' हा शब्द ऐकू आला. येशूने 'माझी भाकर मला दे' असं शिकवलेलं नाही. समोरच्या खोलीतल्या मावशींचा नवरा संपात नव्हता, तो पालिकेत होता. त्या मावशी आठवड्यातून दोनदा 'जास्त झालं होतं' म्हणून आमटीचं पातेलं घेऊन यायच्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या. आमच्या प्रार्थनेचं उत्तर मात्र त्यांच्या हातून आलं, आणि हे आई त्यांना सांगायचीसुद्धा.

तेव्हा पगार असलेल्यांनी ही ओळ जरूर म्हणावी. तुमच्याकडे जास्तीची भाकर आली असेल तर 'आम्ही'मधला कोण उपाशी आहे, हे ती ओळ तुम्हाला रोज विचारते. आणि ती 'आज'ची भाकर मागते. अरण्यात इस्राएलांना देवाने पुरवलेलं अन्न, मान्ना, दररोज त्या दिवसापुरताच गोळा करायचा होता, साठवला तर त्यात किडे पडत (निर्गम 16). उद्याची काळजी ज्यांना झोपू देत नाही त्यांच्यासाठी हा 'आज' फार मोठा आधार आहे.

मी मनापासून मागितलं. मिळालं नाही. का?

याचं उत्तर मी देऊ शकत नाही, आणि जो फार चटकन देतो त्याच्यापासून सांभाळा.

माझा धाकटा भाऊ एकोणिसाव्या वर्षी मूत्रपिंडाच्या आजाराने गेला. आम्ही उपवास केले, रात्रीच्या प्रार्थना केल्या, मंडळीची माणसं घरी येऊन गुडघे टेकून गेली. अंत्यविधीनंतर एका नातेवाइकाने आईला सांगितलं, 'विश्वास कुठेतरी कमी पडला.' हे वाक्य कृपा करून कधीच कोणाला म्हणू नका. शोकातल्या माणसावर तो दुसरा घाव असतो, आणि ते शास्त्राला धरूनही नाही. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, 'माझी कृपा तुला पुरे आहे' एवढं उत्तर मिळालं (2 करिंथ 12). पौलाचा विश्वास कमी होता का? गेथशेमानेत खुद्द येशूने 'हा प्याला माझ्यापासून दूर कर' म्हटलं. प्याला दूर झाला नाही. देवाच्या पुत्राची विनंतीही जिथे 'तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' इथे येऊन थांबली, तिथे माझ्या मागण्याला वेगळा नियम कसा असेल?

भाऊ गेल्यावर आई जवळजवळ वर्षभर प्रार्थनेत बोलली नाही. भिंतीकडे तोंड करून नुसती बसायची. काय म्हणतेस, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, 'काही नाही. पण उठून तरी कुठे जाऊ?' आपल्याला कशी प्रार्थना करावी हे कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असं रोमकरांस पत्रात आहे (8:26). ते वचन मी आईकडे पाहून शिकले.

देवावर राग आलेला असताना प्रार्थना करावी का?

तेव्हा तर कराच. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं भरपूर आहेत. तेरावं 'कोठवर?' असं चार वेळा विचारतं. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी सांत्वनाची एक ओळही नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. ज्याच्याशी नातं उरलेलं नाही त्याच्याशी माणूस भांडत नाही.

मन भटकतं. काय करावं?

सगळ्यांचं भटकतं. जिथे गेलं त्याच गोष्टीला प्रार्थनेत घ्या. विजेचं बिल आठवलं तर विजेच्या बिलासाठी प्रार्थना करा आणि पुढे चला. एखादं स्तोत्र हळू आवाजात वाचल्यानेही मन थाऱ्यावर येतं.

भावाशी बोलणं बंद आहे. तरी प्रार्थना ऐकली जाते का?

तुम्ही वेदीपाशी अर्पण आणलं आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करून या, असं मत्तय 5:23-24 सांगतं. लक्ष द्या, त्याच्या मनात, तुमच्या नव्हे. मुंबईत खोलीच्या वाटणीवरून तुटलेली किती ख्रिस्ती घरं आहेत! दोन भाऊ एकाच मंडळीत, एक डावीकडच्या बाकावर, एक उजवीकडच्या, आणि दोघेही 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांना ऋण सोडले आहे' असं एका आवाजात म्हणतात. कोर्टातला निकाल लागायचा तेव्हा लागेल. फोन आज करता येतो.

आम्ही प्रोटेस्टंट आहोत. कॅथलिक शेजारणीची जपमाळ, नोव्हेना हे काय असतं? त्यात आम्ही बसावं का?

जपमाळेत मणी फिरवत 'नमो मरिया' म्हणतात आणि येशूच्या आणि मरियेच्या जीवनातल्या प्रसंगांवर मनन करतात. त्या प्रार्थनेचा पहिला भाग लूकच्या पहिल्या अध्यायातल्या, देवदूताच्या आणि मरियेची नातेवाईक अलीशिबा हिच्या शब्दांवरून आला आहे. नोव्हेना म्हणजे नऊ वेळा, नेमाने केलेली प्रार्थना. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारी नोव्हेनासाठी सगळ्या धर्मांची माणसं येतात. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीच्या (माउंट मेरी चर्चच्या) जत्रेत लोक मेणाचे हात, पाय, घरं, बाळं अर्पण करतात. मेणात घडवलेल्या विनंत्याच त्या.

आमच्या परंपरेत आम्ही संतांकडे मध्यस्थी मागत नाही, थेट येशूच्या नावाने पित्याकडे जातो. हा फरक खरा आहे, तो झाकायची गरज नाही. पण शेजारीण नवऱ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री जपमाळ करत असेल तर तिच्याजवळ जाऊन बसा आणि तुमच्या पद्धतीने मनात प्रार्थना करा. 1896 ला मुंबईत प्लेग आला तेव्हा गावठाणांतल्या ख्रिस्ती वस्त्यांनी गल्लोगल्ली क्रूस उभारले. त्यातले कितीतरी आजही झेंडूच्या हारांसह उभे आहेत आणि मे महिन्यात तिथे प्रार्थना होते. त्यांच्यापुढून जाताना मी थांबते. तेव्हाच्या एखाद्या आईनेही तिथे आपल्या लेकरासाठी हात जोडले असतील.

आजारात प्रार्थनेवर विश्वास ठेवून औषध बंद केलं तर?

करू नका. नर्स म्हणून सांगते आणि विश्वासणारी म्हणूनही सांगते. याकोबाच्या पत्रात मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी आजाऱ्यासाठी प्रार्थना करावी आणि त्याला तेल लावावं असं आहे (5:14). तेव्हा तेल औषध म्हणूनही वापरत. येशूच्या गोष्टीतल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारसच ओतला. दोन्ही एकत्र आहेत. प्रार्थनेनंतर बरं वाटलं म्हणून इन्सुलिन सोडलेली माणसं मी वॉर्डात पाहिली आहेत, आणि ती परत कशी येतात तेही पाहिलं आहे. डॉक्टरांच्या हातांसाठी प्रार्थना करा, गोळ्या वेळेवर घ्या.

पैसे घेऊन 'खास प्रार्थना' करणाऱ्यांकडे जावं का?

नाही. शिमोन जादूगार पवित्र आत्म्याचं दान विकत मागायला आला तेव्हा पेत्राने त्याला कठोर शब्दांत परतवून लावलं (प्रेषितांची कृत्ये 8). मंडळीला दान देणं वेगळं आणि उत्तराची किंमत ठरवणं वेगळं.

उपवास करणं गरजेचं आहे का?

सक्ती नाही. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार सोडून चाळीस दिवस, बरेच जण एकवेळ जेवतात किंवा मांसाहार सोडतात. मधुमेही, गरोदर बाया, म्हातारी माणसं यांनी जेवण सोडू नये, हवं तर मोबाइल सोडावा. आणि वाचलेला घास कोणाच्या तरी ताटात गेला पाहिजे. भुकेल्याला आपली भाकर वाटून दे, हाच मला आवडणारा उपवास, असं देव यशयाच्या 58 व्या अध्यायात म्हणतो.

नुसती प्रार्थना करून काय होणार? काम नको का?

पंडिता रमाबाईंकडे पाहा. 1889 साली त्यांनी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा उघडली, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि दुष्काळात शेकडो मुली-बायकांना आसरा दिला. 1905 साली तिथली प्रार्थना-जागृती सगळ्या ख्रिस्ती जगात गाजली. त्याच आवारात शेती होती, छापखाना होता. पहाटेची प्रार्थना आणि दिवसभराचं काम, या दोन्हींत त्या बाईने कधी भिंत घातली नाही.

दुसऱ्या धर्माच्या माणसासाठी प्रार्थना करावी का? त्याला सांगावं का?

करावी. आजारी माणसाच्या उशाशी मी मोठ्याने करत नाही, त्याने मागितली तरच करते. अंथरुणाला खिळलेला माणूस नको म्हणू शकत नाही, त्याच्या लाचारीचा फायदा घेऊ नये. रात्रपाळीत सलाइन बदलताना मनातल्या मनात नाव घेतलं तर कोणाला कळतही नाही.

मुलांना प्रार्थना कशी शिकवावी?

तुम्ही करताना त्यांना दिसू द्या. बाकी सगळं त्यानंतर. लहान मुलं मांजरासाठी, क्रिकेटच्या सामन्यासाठी प्रार्थना करतात. हसू नका.

वर्षानुवर्षं प्रार्थना सुटली आहे. परत कुठून सुरू करू?

क्षमा मागण्याची लांबलचक तयारी करू नका. येशूच्या गोष्टीतल्या, घरी परतणाऱ्या उधळ्या मुलाने वाटेत भाषण पाठ केलं होतं, बापाने ते पुरं होऊच दिलं नाही (लूक 15). आज रात्री अंथरुणावर एक वाक्य बोला. उद्या तेच परत बोला. 2020 च्या मार्चमध्ये चर्चची दारं बंद झाली तेव्हा आमच्या मंडळीतल्या कितीतरी जणांनी अशीच, फोनवर, दहा-पंधरा वर्षांनी पहिल्यांदा प्रार्थना केली.

आईवडील म्हातारपणी सगळं विसरतात. त्यांच्यासोबत प्रार्थना कशी करावी?

नेहमीच्या जागी बसवा, नेहमीच्या वेळी. नवीन शब्द नकोत, त्यांच्या लहानपणीचे वापरा. मुलांची नावं विसरलेली माणसं जुनं भजन पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत गातात, हे मी घरी आणि वॉर्डात दोन्हीकडे पाहिलं आहे. प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणा, प्रत्येक ओळीनंतर थांबा. ओठ हलतात का पाहा. ओळ अडली तर चटकन पुरी करू नका, थोडा वेळ द्या, मग हळूच पुढचा शब्द सांगा. हात हातात असू द्या. आणि 'आमेन' तुम्ही म्हणू नका, त्यांच्यासाठी ठेवा. पुष्कळदा तेवढं येतं.